दोन फुटांची जहागीर

कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या टॉवरांमध्ये फिशटँक येतो तो मनःशांतीसाठी आणि त्यात सिक्लिड येतात ते रंगासाठी. ही दोन कारणं एकमेकांना ओळखत नाहीत. निळे, पिवळे, पट्टेरी मासे दुकानात एकाच काचेमागे गुण्यागोविंदाने फिरताना दिसतात, म्हणून गिऱ्हाईक त्यातले चार उचलतं. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत त्यातला एक टँकचा मालक होतो आणि उरलेले तिघे फिल्टरच्या पाइपामागे शेपट्या आवरून भाडेकरूसारखे राहू लागतात. यावर ज्याला त्याला सुचणारा उपाय एकच: गर्दी कमी करा. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. सिक्लिड भांडतो तो गर्दीमुळे नाही, मालकीमुळे. दुकानातल्या टँकमध्ये शांतता होती, कारण तिथे मालक व्हायला जागाच नव्हती.

पुरावा मूळ गावचा आहे. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक रंगीत आफ्रिकन सिक्लिड मलावी सरोवरातले. त्यातले ‘म्बुना’ म्हणवणारे खडकांत राहतात, खडकावरचं शेवाळ खरवडून खातात, आणि नर एखादी कपार धरून बसतो. तिथे हरलेला मासा पळतो, दिसेनासा होतो, प्रकरण मिटतं. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टँकमध्ये पाणी मावतं जेमतेम ५६ लिटर. हरलेला पळून पळून जाणार कुठे? जिंकलेल्याच्या दृष्टीने तो नोटीस देऊनही जागा न सोडणारा इसम ठरतो आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा नोटीस निघते. म्हणून जाणते लोक चार फुटी टँक घेतात, मध्ये दगडांची रास रचून एका टोकाचं दुसऱ्याला दिसणार नाही असं करतात, एका नरामागे तीन-चार माद्या ठेवतात आणि मुद्दाम पंधरा-वीस मासे भरतात. मग हल्लेखोर एकाच्या मागे लागेपर्यंत दुसरा त्याच्या कपारीत डोकावून जातो, त्याला हाकलावं तर तिसरा. राग तेवढाच राहतो, पण तो पंधरा जणांत वाटला जातो आणि कुणाच्याच वाट्याला जीव जाण्याइतका येत नाही.

गर्दीने भांडणं विझत असतील तर शीळफाट्यावर इतकी तोंडातोंडी का, असं कुणीही विचारील. विचारणाऱ्याने तिथे नीट पाहावं. पाहायला वेळ भरपूर मिळतो. मुंब्र्याकडून पनवेलकडे निघालेले ट्रक, कल्याणहून आलेल्या बस, महाप्याला कामावर पोचायची घाई असलेले दुचाकीवाले तिथे एकमेकांच्या आरशाला आरसा लावून उभे असतात. हॉर्न अखंड वाजतो, पूर्वजांचा उद्धार होतो, पण फाटा माझा आहे असं म्हणणारा एकही निघत नाही. आवाज म्हणजे हिंसा नव्हे. शिवाय सिक्लिड पाळणाऱ्यांचा दुसरा रामबाण उपायही या रस्त्यावर सरकारी खर्चाने चालू आहे. नवा मासा सोडताना दिवा मालवायचा आणि आतले दगड हलवायचे, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच नवखे होतात. कल्याण-शीळ रस्त्यावर कधी रुंदीकरण, कधी पूल, कधी मेट्रो; सकाळी ओळखीची असलेली लेन संध्याकाळी बॅरिकेडच्या पलीकडे गेलेली असते. अशा ठिकाणी जहागीरदारी कोण करणार? नियोजनकर्त्यांनी मत्स्यशास्त्र वाचलं असेल असं मात्र मला वाटत नाही.

याहून वजनदार आक्षेप असा, की मग एक नर आणि एक मादी, एवढीच जोडी ठेवावी; भांडायला तिसरा नकोच. कोनराड लोरेन्त्स या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने आक्रमकतेवरच्या १९६३च्या पुस्तकात या बेताचं पाणी जोखलं आहे. शेजारी नसला की नर मादीवरच उलटतो. काचेपलीकडे दुसरी जोडी ठेवली तर तो शेजाऱ्यावर डाफरत राहतो आणि संसार टिकतो. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला, की पुन्हा घरात खटके. (वन बीएचकेत राहणाऱ्यांनी हा परिच्छेद मोठ्याने वाचू नये.) राग टाकीतल्या पाण्यासारखा साचतो आणि कुठेतरी सोडावा लागतो, हा लोरेन्त्सचा सिद्धान्त पुढच्या अभ्यासकांनी फारसा मानला नाही, आणि मीही मानत नाही. पण निरीक्षण उरतंच. १९६९मध्ये ॲन रासा यांनी एकट्या ठेवलेल्या जोड्यांवर प्रयोग केले, तेव्हाही आपसातली भांडणं वाढलेली दिसली. प्रयोगातला मासा होता ऑरेंज क्रोमाइड, म्हणजे दक्षिण भारतातला आणि गोव्यात तळून खातात त्या कळुंदराचा चुलतभाऊ. तेव्हा हे आफ्रिकेतलं खूळ आहे असंही म्हणता येत नाही. साचलेला राग न मानता याचा अर्थ लावता येतो: हद्द आखली की कुणीतरी हद्दीवरचा ठरतोच, आणि दुसरं कुणी नसेल तर ती बायको.

गर्दीला किंमत मोजावी लागते, हे मात्र कबूल. मासे जास्त म्हणजे घाण जास्त, घाण म्हणजे अमोनिया. फिल्टर दुप्पट ताकदीचा हवा आणि दर आठवड्याला बादल्या वाहायची तयारी हवी. फ्लॉवरहॉर्नला तर हा उपाय लागूच नाही. १९९०च्या दशकात मलेशियात संकरातून घडवलेला हा मासा डोक्यावरच्या टेंगळासाठी आणि नशीब उघडावं म्हणून आणला जातो. त्याला टँकमध्ये दुसरं कुणी चालत नाही. काचेबाहेरच्या बोटावरही तो धावून जातो. घरातल्या सर्वांवर दात धरून बसलेल्या प्राण्यावर घराचं नशीब सोपवण्याचं धाडस मला तरी झेपणारं नाही.

आणि गर्दी करून, दगड हलवूनही एखादा नर ऐकला नाही तर? त्याला काही दिवस वेगळ्या टँकमध्ये ठेवावं. सिक्लिडांना उतरंड कळते: टांगानिका सरोवरातल्या एका जातीचा नर नुसत्या लढती पाहून, एकमेकांशी न लढलेल्या दोघांतला दुबळा कोण ते ताडतो, असं २००७मध्ये ‘नेचर’मधल्या एका शोधनिबंधात दाखवलं गेलं. मालक नसताना बाकीचे आपसांत नवी उतरंड लावतात, आणि तो परततो तेव्हा त्याचा नंबर शेवटी लागलेला असतो. तरीही नाहीच जमलं, तर दुकानदार त्याला पडत्या भावात परत घेतो. नेताना पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन भरून घ्यावा. आणि दुकान फाट्याच्या पलीकडे असेल तर ऑक्सिजन जरा सढळ हाताने.