क्रिएटिव्ह कितवीचं?

अप्पा बळवंत चौकातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात परवा रात्री आठच्या सुमारास एक गृहस्थ घामाघूम होऊन शिरले आणि म्हणाले, "काहीतरी क्रिएटिव्ह द्या."

दुकानदाराने हिशेबाच्या वहीतून मान वर न करता विचारलं, "कितवीचं?"

"सातवीचं."

"द्यायचंय कधी?"

"उद्या सकाळी."

आता दुकानदाराने मान वर केली. पुण्यातल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाकडे आपण होऊन पाहावं, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं. "मग करत बसू नका," तो म्हणाला, "तयारच घेऊन जा. नाव तेवढं घालायचं. ते मात्र मुलाकडून लिहून घ्या, अक्षर ओळखतात."

शाळांमधल्या या प्रकल्पांवर आणि ऑनलाइन उपक्रमांवर टीका करणाऱ्यांची एक फळीच या शहरात तयार झाली आहे. मी तिच्यात नाही. मुलं काही शिकत नाहीत, ही त्यांची तक्रार रास्त असेलही. पण ती चुकीच्या माणसांबद्दल आहे. ही योजना मुलांसाठी आहे असं सांगितलं कोणी? ही प्रौढ शिक्षणाची मोहीम आहे, आणि स्वातंत्र्यानंतरची सर्वांत यशस्वी मोहीम आहे.

मोठ्या माणसांना शिकवण्याचे प्रयत्न आपल्याकडे कमी झाले नाहीत. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, आणि आता 'उल्लास' चालू आहे. या सगळ्यांची अडचण एकच. प्रौढ माणूस दिवसभर राबून दमलेला असतो, तो रात्रीच्या वर्गाला येत नाही. पुण्यातल्या शाळांनी ही अडचण चुटकीसरशी सोडवली. प्रौढाच्या मुलाला प्रकल्प दिला. आता तोच प्रौढ रात्री साडेबारापर्यंत जागा राहतो, घरच्या घरी, स्वतःच्या खर्चाने, आणि हजेरीसुद्धा मागत नाही.

आणि शिकतो किती! हिंजवडीत ज्याच्या शब्दावर अख्खी टीम हलते, असा माणूस मी ग्लू गनने बोट भाजून घेताना पाहिला आहे. ज्या आईला वर्षभरापूर्वी पीडीएफ म्हणजे बँकेकडून येणारी कटकट एवढंच माहीत होतं, ती आज दोन पीडीएफ जोडते, व्हिडिओचं वजन उतरवते आणि कॅनव्हावर शीर्षकाला सावली देते. कोणत्या साक्षरता मिशनला हे जमलं होतं?

सध्या जोरात असलेला प्रकल्प म्हणजे बारा किल्ले. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. बातमीने महाराष्ट्राला अभिमान वाटला आणि शाळांना विषय सापडला. सातवीच्या इतिहासात मराठेशाही आहेच. शिवाय यात भूगोल आहे, कला आहे, देशप्रेम आहे, आणि बारा हा आकडा असा की अठ्ठेचाळीस मुलांच्या हजेरीपटाला निःशेष भाग जातो.

आमच्याच इमारतीतल्या सातवीतल्या एका चिरंजिवांच्या वाट्याला राजगड आला. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री पावणेदहाला सूचना झळकली. किल्ल्याची पर्यावरणपूरक प्रतिकृती करावी. दहा स्लाइडचं सादरीकरण करावं. शिवकालीन वेशभूषेत दोन मिनिटांचा व्हिडिओ ड्राइव्हवर टाकावा. पॅडलेटवर दोन मित्रांच्या कामाला 'रचनात्मक अभिप्राय' द्यावा. 'या प्रकल्पातून मी काय शिकलो' यावर शंभर शब्द लिहावेत. सर्वांत खाली, सिगारेटच्या पाकिटावर छापतात त्या भावनेने एक ओळ होती: प्रकल्प मुलांनी स्वतः करणे अपेक्षित आहे.

घरात लगेच कामाची वाटणी झाली. बालेकिल्ला आणि तीन माच्या, म्हणजे फोमशीट किती लागतील याचा हिशेब बाबांनी एक्सेलमध्ये मांडला. आईने स्लाइड घेतल्या. आजीने स्वतःच्या नऊवारीचा शेला करायला कात्री उचलली आणि डोळे पुसले, ते देशप्रेमाने की नऊवारीपायी, कळलं नाही. आजोबांनी असहकार पुकारला. बारा किल्ल्यांच्या यादीत सिंहगड नाही, हे त्यांना त्या रात्री प्रथमच समजलं. खांदेरी आहे, साल्हेर आहे, आणि सिंहगड नाही! जी संस्था सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला आलेली नाही, तिच्या यादीसाठी आपण हात काळे करणार नाही, असं सांगून ते संपादकांना पत्र लिहायला बसले. पत्र चांगलं उतरलं आहे. त्या घरात त्या रात्री ज्याने स्वतःच्या डोक्याने काही लिहिलं, असे ते एकटेच.

राहता राहिले चिरंजीव. घरात इतकी माणसं कामाला लागलेली पाहून त्यांनाही हातभार लावावासा वाटला. त्यांनी विचारलं, "बाबा, गडावर एवढे लोक राहायचे, तर ते शी कुठे करायचे?"

"मध्ये मध्ये बोलू नकोस, बुरूज सुकतोय," बाबा म्हणाले.

आता बघा, सगळ्या प्रकल्पात खरा प्रश्न हा एकच होता. त्याला उत्तरही होतं. राजगडाच्या, रायगडाच्या बांधकामात शौचकूप आहेत, आजही दाखवता येतात. तिथून मग पाणी कुठून आणत, टाकी किती खोदली, घाण उताराला कशी जाई, किल्ला वसवणाऱ्याने या गोष्टींचा विचार तोफांइतकाच का केला असेल, असं बरंच पुढे जाता आलं असतं. पण गुणांच्या तक्त्यात या प्रश्नाला रकाना नव्हता. नीटनेटकेपणाला होता, आकर्षक मांडणीला होता, 'तंत्रज्ञानाचा वापर' यालाही होता. चिरंजिवांनी मग दुसरी सूचना केली, की रविवारी राजगडावरच जाऊ या का. राजगड पुणे जिल्ह्यातच आहे. पालीतून किंवा गुंजवण्यातून चढलं की संध्याकाळी परत घरी. आई कळवळून म्हणाली, "अरे सोन्या, आत्ता कुठे वेळ आहे? राजगडाचा प्रकल्प नाही का करायचा?"

या शहरात मुलांच्या प्रश्नांना एके काळी बरा भाव होता. आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर यांच्यापुढे मुलं सहीसाठी वह्या धरत, तेव्हा ते सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. मुलं पाठवत, आणि त्यांना उत्तरं येत. फोमशीट लागत नसे. त्याच आयुकाच्या आवारात, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या 'पुलस्त्य' इमारतीत अरविंद गुप्ता यांनी २००३ पासून दहा-अकरा वर्षं काड्या, स्ट्रॉ, सायकलची जुनी ट्यूब, फुटक्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी केली आणि ती करायची कशी हे संकेतस्थळावर सगळ्या जगाला फुकट दाखवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं खेळणं दोन मिनिटांत होई आणि पाचव्या मिनिटाला मूल ते मोडून आत काय आहे ते बघे. मोडण्यासाठीच तर ते होतं.

याच कल्पनेला शाळेत 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' म्हणतात. त्यातला 'वेस्ट' हल्ली रविवार पेठेत नवाकोरा मिळतो. आइसक्रीमच्या काड्यांचं पाकीट मिळतं, आणि त्यातल्या एकाही काडीने जन्मात आइसक्रीम पाहिलेलं नसतं. टाकाऊ बाटल्या हव्यात म्हणून घरात भरलेल्या बाटल्या येतात, आणि आतलं सरबत बेसिनमध्ये ओतलं जातं. प्लास्टिकबंदीवरचा तक्ता थर्माकोलवर चिकटवून नेलेलाही मी पाहिला आहे. महाराष्ट्रात २०१८ ला बंदी आली त्यात थर्माकोलही होतं, ही माहिती त्याच तक्त्यावर तिसऱ्या मुद्द्यात सुवाच्य अक्षरात होती.

मूळ विचारात खोट नव्हती, हे सांगायला हवं. शिक्षण हक्क कायद्याला धरून २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. परीक्षेत ज्याची दातखीळ बसते, त्या मुलालाही हाताने, तोंडाने काही दाखवता यावं, म्हणून निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प अशी साधनं दिली. पाचवी-सहावीला निम्मे गुण या आकारिक भागाला, सातवी-आठवीला शंभरातले चाळीस. कागदावर वाचताना डोळे निवतात. पण तो कागद पुण्यातल्या पालकांच्या हाती पडला. इथे कशालाही गुण आहेत म्हटलं की ती प्रवेश परीक्षा होते. उद्या शिंकेला दोन गुण ठेवले, तर सदाशिव पेठेत शिंकेचा क्लास निघेल आणि त्याच्या दोन शाखा कोथरूडला.

करोनाच्या वर्षात तर या मोहिमेने कळस गाठला. सीबीएसईने २०२०-२१ पासून कला-समाकलित प्रकल्प सक्तीचा केला आणि 'एक भारत श्रेष्ठ भारत'मध्ये महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावून दिली. बाहेर टाळेबंदी, दूध मिळायची मारामार, आणि पुण्याच्या फ्लॅटांतून कोणार्कच्या रथाची चाकं वळली जात होती. मंदिराला चाकं आहेत चोवीस. त्या वर्षी एकट्या बाणेर-बालेवाडीत त्याहून जास्त झाली असावीत.

त्याच वर्षी महापालिकेच्या शाळेतली मुलंही ऑनलाइन शिकत होती. शाळा बंद असल्या तरी शिक्षण सुरू, असं शासनाने जाहीरच केलं होतं. घरात फोन एक, भावंडं दोन, आणि फोन बापाबरोबर रिक्षावर गेलेला. तो रात्री दहाला घरी आला की आधी सातवीचा गृहपाठ उघडायचा, मग चौथीचा. उरलेल्या चार्जिंगमध्ये जेवढं शिक्षण बसेल तेवढं. या घरातल्या पालकांना आमच्या प्रौढ शिक्षणाचा लाभ मिळाला नाही, ही मोहिमेतली एक त्रुटी मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

बाई-सरांना दोष द्यायची सोय नाही, कारण त्यांच्या डोक्यावरही कोणीतरी फोटो मागत बसलेलं आहे. शासनाने २०१६ साली फर्मान काढलं होतं, की शिक्षकांनी दर सोमवारी मुलांबरोबर सेल्फी काढून 'सरल' प्रणालीवर चढवावा. शिक्षक चिडले, आदेश बारगळला; त्यामागची बुद्धी मात्र टिकली. झाड लावलं, फोटो टाका. वाचन झालं, फोटो टाका. आनंददायी शनिवार झाला? मग आनंदाचा फोटो टाका. झाड जगलं का, असं विचारणारा रकाना मला अजून आढळलेला नाही. अशा दिवसानंतर बाई रात्री अठ्ठेचाळीस लिंक उघडायला बसतात. त्यातल्या वीस उघडत नाहीत, कारण बाबांनी परवानगी दिलेली नसते. बाई ग्रुपवर लिहितात, 'कृपया ॲक्सेस द्या.' खाली एकोणीस अंगठे येतात. ॲक्सेस येत नाही.

या सगळ्या व्यापावर नोव्हेंबर २०२२ पासून चॅटजीपीटीचा उतारा मिळाला आहे. 'मी काय शिकलो' हे शंभर शब्द आता आईलाही लिहावे लागत नाहीत. परिणामी वर्गातल्या सगळ्यांनी एकच गोष्ट शिकल्याचं दिसतं: आपल्या समृद्ध वारशाचं जतन करणं ही काळाची गरज आहे. बाईंनीही शहाणपण केलं. अभिप्राय त्याच यंत्राकडून लिहून घेतला: विषयाची सखोल जाण दिसते, असेच पुढे जात राहा. म्हणजे यंत्राने निबंध लिहिला, यंत्रानेच पाठ थोपटली, आणि त्या वेळी चिरंजीव खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळत होते. मुलांना खेळायला वेळ मिळत नाही म्हणून गळा काढणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

कोणी म्हणेल, आमच्या वेळी दिवाळीत किल्ले व्हायचे, त्यांना कुठे गुण होते? नव्हते. चिखल होता, अळीव होते, कुंभारवाड्यातले मावळे होते. पण उगीच गहिवरू नका. त्याही किल्ल्यात थोरला भाऊ हुकूम सोडायचा आणि धाकटे गोणपाट भिजवायचे. फरक एवढाच, की थोरला भाऊ तेरा वर्षांचा होता. आता दिवाळीत किल्लाही प्लास्टरचा, विकत मिळतो, आणि त्यावर अळीव पेरायचे कुठे हा प्रश्न विचारायला घरात कोणी रिकामं नसतं.

तर राजगड वेळेत पोहोचला. रिक्षातून संजीवनी माची आडवी धरून, बालेकिल्ला बाबांच्या मांडीवर. गुण आले पाचपैकी साडेचार. घरात तीन दिवस सुतक होतं. पालकसभेला आई तयारीनिशी गेली. मुलाची गणितं, त्याचं इंग्रजी, त्याचं वर्गातलं बोलणं, यातलं काही तिने विचारलं नाही. थेट विचारलं, "बाई, माझा अर्धा कुठे गेला?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, रजिस्टर मिटलं आणि हळूच म्हणाल्या, "साडेचार म्हणजे चांगलेच आहेत हो. माझ्या मुलीच्या शाळेत मला साडेतीनच दिले. पन्हाळा होता."