मधल्या मापाच्या माणसाने काय करावे

माउंटन बाइक घ्यायला निघालेल्या माणसांचे तीन वर्ग पडतात. बुटके, उंच आणि आपण. पहिल्या दोघांचा प्रश्न दुकानाच्या दारातच सुटतो. एकाला एस, दुसऱ्याला एक्सएल, पैसे मोजले की मोकळे. आपली उंची मात्र ५ फूट ९ इंच, म्हणजे १७५ सेंटीमीटर, आणि बहुतेक तक्त्यांत या आकड्यापाशी मीडियम संपत आलेला असतो नि लार्ज सुरू झालेला असतो. तक्ता करणाऱ्याने आपल्याला पाहूनच ती रेघ ओढली असावी, असा संशय येणे स्वाभाविक आहे. पुढील मार्गदर्शन अशा संशयग्रस्तांसाठी आहे.

सर्वप्रथम, घरी सल्ला विचारू नये. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेण्याची प्रथा आहे, आणि ती बेचाळिशीच्या गृहस्थालाही लागू आहे असे वडिलांचे मत असते. "मोठीच घे, पुढं उपयोगी पडेल," ते म्हणतील. पुढे आपले फक्त पोट वाढणार असते, आणि फ्रेमच्या तक्त्यात पोटाचा रकाना नाही.

दुकानदारालाही "कुठलं माप घेऊ?" असे उघड विचारू नये. त्याच्या गोदामात एल पडून असेल तर तो आपल्याला नखशिखांत न्याहाळून सांगेल, "साहेब, तुम्हाला एलच. सीट थोडी खाली घेतली की झालं." एम पडून असेल तर तितक्याच गांभीर्याने, "साहेब, तुम्हाला एमच. सीट थोडी वर घेतली की झालं." यात तो खोटे काहीच बोलत नाही. सीट खरोखरच खालीवर होते. फ्रेमचे बाकी काहीच हलत नाही, एवढेच तो सांगायचे विसरतो.

आता मोजमाप. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून, पाय थोडे फाकवून उभे राहावे. दोन्ही मांड्यांमध्ये जाड पुठ्ठ्याचे पुस्तक घट्ट वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. पुस्तक म्हणून शब्दकोश उत्तम. पोथी वापरू नये, घरात आजी असतात. समजा अंतर ८० सेंटीमीटर आले. एक प्रचलित सूत्र सांगते की याला ०.२२५ ने गुणले की फ्रेमचे माप इंचांत मिळते. गुणून पाहावे. उत्तर येते नेमके १८. दुकानात मापे असतात १७ आणि १९.

येथे धीर सोडू नये, कारण त्या इंचांत आता फारसा अर्थ उरलेला नाही. हे माप म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची लांबी. दांडी जमिनीला समांतर असायची तेव्हा त्या एका आकड्यावरून सगळी सायकल कळायची, आणि दांडीवर आदळायचे की नाही हेही. आता दांडी मागे उतरती असते आणि उभी नळी मुद्दाम आखूड ठेवतात. त्यामुळे दोन पाय जमिनीवर टेकून, दांडी नि आपण यांच्यात चार-पाच सेंटीमीटर जागा आहे म्हणून "बसली, बसली" असे ओरडणाऱ्या मित्राला बाहेर चहा प्यायला पाठवावे. तेवढी जागा हवीच. पण ती दोन्ही मापांत मिळते.

ज्यांनी हा खेळ सुरू केला त्यांना ही विवंचना नव्हती. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीमधल्या पोरांनी जाड टायरच्या जुन्यापुराण्या श्विन सायकली जमवल्या आणि डोंगरउतारावरून सोडून दिल्या. १९७६ साली तिथे शर्यती सुरू झाल्या. एका उतारात मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच जो ब्रीझ नावाच्या गड्याने खास या कामासाठी फ्रेम बनवली. त्याआधी अडगळीत जी सायकल सापडेल तेच आपले माप, असा सुटसुटीत कारभार होता. आपल्यापुढे निवड आहे, म्हणून झोप नाही.

खरा आकडा रीचचा. क्रँक ज्या आसावर फिरतो त्यातून सरळ वर एक रेघ मनात ओढावी. त्या रेघेपासून हँडल जिथे फ्रेममध्ये शिरते त्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. उतारावर आपण पेडलवर उभे असतो, सीटचा संबंध संपलेला असतो, तेव्हा सायकल अंगाला बसते की नाही हे रीचच ठरवतो. आणि एकाच मॉडेलच्या एम व एल यांच्या रीचमध्ये फरक किती? साधारण दोन ते तीन सेंटीमीटर. ज्या चिंतेने महिनाभर जेवण गोड लागले नाही तिची लांबी एवढीच. स्पेशलाइज्ड कंपनीने काही सायकलींवरून एस-एम-एल काढून टाकले आणि एस१ ते एस६ अशी मापे दिली, ती याच हिशेबाने. पायाची लांबी विसरा आणि हवी तितकी लांब सायकल निवडा, असा त्यांचा आग्रह. म्हणजे आता एका माणसाला तीन मापांच्या मध्ये अडकण्याची सोय झाली.

तराजू अगदीच हलत नसेल तर हात मोजावेत. भिंतीला टेकून दोन्ही हात आडवे पसरावेत आणि एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत टेप लावावी. हातांचा पसारा उंचीपेक्षा जास्त भरला तर एलकडे झुकावे, कमी भरला तर एमकडे. दोन्ही आकडे सारखेच आले तर नशिबाला दोष न देता पुढचा परिच्छेद वाचावा.

हा परिच्छेद अप्रिय आहे. सायकल नेमकी कुठे चालवणार, हे खरे सांगायचे. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या अरुंद, दगडगोट्यांच्या, पावला-पावलावर वळणाऱ्या वाटा असतील तर छोटी फ्रेम पटकन वळते, पुढचे चाक उचलायला हलकी पडते. पानशेतच्या बाजूला लांबलचक कच्च्या रस्त्यांवर तासन्‌तास जायचे असेल तर मोठी फ्रेम वेगात स्थिर राहते आणि पाठ आखडत नाही. आणि सायकलने पाहिलेला सर्वांत अवघड चढ सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक असणार असेल, तर कुठलीही घ्यावी. तीच संख्या जास्त आहे.

चुकलीच तर दुरुस्तीला वाव किती, हे आधी माहीत असावे. एम आखूड वाटली तर स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा, एखाद-दोन सेंटीमीटर जास्त लांबीचे लावता येते आणि सीटपोस्ट वर घेता येतो. एल लांब वाटली तर स्टेम आखूड करायचे, पण हल्लीच्या माउंटन बाइकला ते मुळातच ३५ ते ५० मिलिमीटरचे असते. त्यात कापणार काय? शिवाय पाय आखूड असतील तर मोठ्या फ्रेमच्या उभ्या नळीत लांब ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवता चालवता खालीवर होणारा सीटपोस्ट, पुरता आत जात नाही, म्हणजे उतारावर सीट हवी तितकी खाली येत नाही. हँडल जवळ आणण्यासाठी सीट पुढे सरकवण्याचा उपाय लोकप्रिय आहे आणि चुकीचाही. सीट किती पुढे-मागे असावी हे गुडघा आणि पेडल ठरवतात. हातांनी त्यात पडू नये.

चालवून पाहताना नेहमीचे बूट घालून जावे. टाच खालच्या पेडलवर टेकवली की पाय सरळ व्हावा, इतकी सीट वर घ्यावी. मग दुकानासमोर ऐटीत सरळ चक्कर मारू नये, कारण सरळ रस्त्यावर प्रत्येक सायकल छान असते. मोकळ्या पार्किंगमध्ये लहान लहान आठ काढावेत, पेडलवर उभे राहावे. कोपर ताठ होत असतील, पुढचे चाक वळणात बाहेर पळत असेल तर फ्रेम मोठी. गुडघे हँडलला भेटायला येत असतील आणि ब्रेक दाबताच आपण हँडलवरून पलीकडे जाऊ असे वाटत असेल तर लहान.

दोन्ही चालवूनही निर्णय होत नसेल तर लहान घ्यावी. फक्त सीटपोस्टवर जी किमान खोलीची रेघ कोरलेली असते ती फ्रेमच्या बाहेर येता कामा नये, नाहीतर फ्रेम तडकते. ती रेघ बाहेर आल्याशिवाय पाय सरळ होत नसेल तर एल आपली. आणि दुकानात एकच माप असेल तर त्या दिवशी फक्त बाटली अडकवायचा स्टँड विकत घेऊन घरी यावे.