बटणवाले साहेब

सरकारी तळावरून खासगी रॉकेटं उडतात, याचा आमच्या विरार लोकलमधल्या तज्ज्ञांना सध्या भलताच धक्का बसलाय. अवकाशक्षेत्र २०२० मध्ये खासगी मंडळींना खुलं झालं, १८ नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोट्याहून पहिलं खासगी रॉकेट जवळपास ९० किलोमीटर वर जाऊन आलं, आणि हे आत्ता विचारतायत, ‘सरकारी जागेवर खासगी धंदा? असं असतं का कुठे?’ अहो, नालासोपाऱ्याला उतरा! सार्वजनिक विहिरीवर खासगी मोटर, सरकारी रस्त्यावर खासगी टँकर. या क्षेत्रात आपण फार जुने.

मला त्या सगळ्यात आवडलं ते एक बटण. रॉकेट कुणाचंही असो, तळावर एक सरकारी साहेब पडद्याला डोळे लावून बसतात. ठरलेली वाट सोडून ते भरकटलं, की बटण दाबायचं. हवेतच तुकडे. मालकाला विचारणं नाही, ‘वरून’ फोन यायची वाट बघणं नाही. २५ डिसेंबर २०१० ला इकडे वसईत लोक नाताळचे गोठे बघत फिरत होते, आणि तिकडे चक्क सरकारचंच जीएसएलव्ही रॉकेट भरकटलं. मिनिटभरात बटण दाबलं. कोट्यवधी रुपये बंगालच्या उपसागरात. चौकशी मागाहून.

असे साहेब मला टँकरसाठी हवेत. दहा हजार लिटर पाणी, मागे गळका पाइप, चिखलाने लिंपलेली नंबरप्लेट आणि स्टिअरिंगवर मिसरूड न फुटलेलं पोर. कामणहून निघतं, हायवेला उलट्या बाजूने घुसतं, वसई फाट्याचा सिग्नल म्हणजे त्याला रोषणाई वाटते, आणि शाळा सुटायच्या नेमक्या वेळेला ते गल्लीत शिरतं. त्याच्यावर डोळे लावून बसलेला माणूस एकच, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. टाकी कोरडी असते ना! तो फोनवर ओरडतो, ‘अरे, जरा दाब की!’ बटण नव्हे, अॅक्सिलरेटर. मग कुणाचं तरी पोर चाकाखाली जातं. काच फुटते, रास्ता रोको होतो, पत्रकं निघतात, आणि तिसऱ्या दिवशी तोच टँकर नवी काच लावून त्याच गल्लीत त्याच वेगाने येतो. लाज कुणालाच नाही, पैसे मोजून तो मागवणाऱ्या आम्हालाही नाही. धामणी धरणाचं पाणी येऊन किती वर्षं झाली, टँकर हटले?

तळ खुशाल द्या कुणालाही. फक्त त्या बटणवाल्या साहेबांची वसई फाट्याला बदली करा. टिकणार नाहीत म्हणा. पहिला टँकर फोडला की लोक बादल्या घेऊन धावतील आणि पाणी वाया घालवलं म्हणून साहेबांवरच गुन्हा दाखल होईल.