सकाळी उपाशीपोटी एक

मराठी माणूस साखर वाढली की लपवतो, रक्तदाब वाढला की ऑफिसवर ढकलतो, पण पित्त मात्र मिरवतो. "आमच्या घराण्यातच पित्त आहे हो," हे वाक्य मी लग्नाच्या बैठकीत ऐकलेलं आहे, आणि समोरून "आमच्याकडेही आहे" असं उत्तर आल्यावर दोन्हीकडची मंडळी सैल होऊन बसलेलीही पाहिली आहेत. पित्ताचे फायदेच तसे आहेत. नावडत्या माणसाकडचं जेवण टाळता येतं, आवडत्याकडचं हादडून दुसऱ्या दिवशी रजा टाकता येते, आणि उगाच कुणावर खेकसलं तर घरचेच परस्पर निस्तरतात, "पित्त झालंय त्यांना, जाऊ दे."

अशा या मानाच्या दुखण्यावर एक पिवळी गोळी निघाली आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात कायमची राहायला आली. फ्रिजवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात तिचा मुक्काम. पट्ट्या औषधवाल्याने कात्रीने कापून दिलेल्या, कुणी सहा मागितल्या, कुणी चार. त्यामुळे एका तुकड्यावर 'पॅन्टो' एवढंच उरलंय, दुसऱ्यावर 'प्राझोल', आणि मुदतीची तारीख ज्या तुकड्यावर होती तो बहुधा शेजाऱ्यांच्या डब्यात आहे. पट्टीवर उभी लाल रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असा तिचा अर्थ. आमचा औषधवाला "काका, रोजचीच ना?" असं विचारतो आणि त्या रेघेवरूनच कात्री फिरवतो.

ती घरात शिरली कशी, याचा मी तपास केला. आईची कंबर धरली होती तेव्हा अस्थितज्ज्ञ म्हणाले, "या वयात पेनकिलरने पोट बिघडेल, म्हणून सोबत ही एक, सकाळी उपाशीपोटी." ते बरोबरच होतं. पेनकिलर पाच दिवसांत संपली, सोबतीण राहिली. माझी दाढ काढली तेव्हा दुसरी आली. मला पुढे खरोखरच घशाशी आंबट यायला लागलं, रात्री उशी भिजवणारा करपट खोकला सुरू झाला, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रीतसर आठ आठवड्यांसाठी लिहून दिली. पण आठ आठवडे ही अक्षरं त्यांच्या हस्ताक्षरात होती, म्हणजे ती कुणीही वाचलेली नाहीत. (हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत याच गोळीचं भावंड ओमेप्राझोल सुरुवातीला 'लोसेक' नावाने विकायला आलं. चिठ्ठीवर ते 'लॅसिक्स' या लघवी वाढवणाऱ्या औषधासारखं दिसायला लागलं, तेव्हा १९९० मध्ये त्याचं नाव बदलून 'प्रायलोसेक' केलं. डॉक्टरांचं अक्षर बदलण्यापेक्षा औषधाचं बारसं पुन्हा करणं सोपं.) या गोळीला सुरू व्हायची तारीख असते, बंद व्हायची नसते, एवढंच माझं तिच्याबद्दल म्हणणं आहे.

सगळं सुरळीत चाललेलं असताना कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशीच्या यजमानांनी पहाटे पाच वाजता एक मजकूर टाकला. पित्ताची गोळी म्हणजे सावकाश विष. किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, आठवण जाते. खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'. सातपर्यंत घरात दोन तट पडले. मावशीने गोळी त्याच दिवशी बंद केली. माझ्या धाकट्या मेहुण्याने तो मजकूर वाचला आणि सवयीने एक गोळी घेतली.

मग मी वाचायला बसलो. आपल्या जठराच्या अस्तरात काही पेशी असतात आणि त्यांच्यात अतिसूक्ष्म पंप असतात. ते आम्ल उपसून जठरात सोडतात. दिवसाकाठी दीड-दोन लिटर जठररस तयार होतो. ही गोळी त्या वेळी चालू असलेल्या पंपांना असं धरते, की ते पंप पुन्हा उठत नाहीत. शरीर नवे पंप तयार करतं, त्याला वेळ लागतो, तोवर पोटात सामसूम. पण पंप मुख्यतः चालू होतात ते अन्न आल्यावर, आणि औषध रक्तात टिकतं जेमतेम काही तास. म्हणून गोळी घ्यायची आणि अर्ध्या ते एका तासाने खायचं. आता डोंबिवलीच्या माणसाने काय करावं? गोळी घेतो सहाला, सव्वासहाला कडक चहा, लोकलमध्ये एक पाय आत एक बाहेर, आणि पहिला घास दहा वाजता कँटीनमध्ये. पंप जागे होतात तेव्हा गोळी केव्हाच ठाण्याला उतरलेली असते.

आईची तऱ्हा निराळी. तिचा खरा विश्वास सूतशेखरावर आणि मोरावळ्यावर. ॲलोपॅथीची गोळी ती नाइलाजाने घेते आणि घेताना तिला आपल्या वळणावर आणते, म्हणजे खलात कुटून मधातून चाटते. या गोळीवर जे आवरण असतं ते नेमकं जठरातल्या आम्लापासून तिचा बचाव व्हावा म्हणून. कुटली की ती आम्लातच नासते. हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग माझी जळजळ थांबते कशी?" मी म्हटलं, "मधाने असेल." तेव्हापासून मधाचा खप वाढलाय.

मग मी दोन कागद घेतले, एक गोळीच्या बाजूचा, एक विरोधातला. बाजूचा भरताना माझी पेन्सिल थांबेना. पूर्वी अल्सर म्हणजे दूध-सायीवर महिनोन् महिने काढायचे, नाहीतर पोट फाडून जठराचा तुकडा किंवा त्याकडे जाणारी नस कापायची. १९७६ साली सिमेटिडीन आलं आणि सर्जनांचे हात मोकळे व्हायला लागले. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये इतर दोघांबरोबर स्टॉकहोममध्ये नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी त्याच स्वीडनमध्ये ओमेप्राझोल बाजारात येऊन त्यांच्या औषधाचा भाव उतरवायच्या तयारीला लागलं. तिकडे ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल म्हणत होते की बहुतेक अल्सर चिंतेने नाही, जंतूने होतात. कुणी ऐकेना, म्हणून १९८४ मध्ये त्यांनी त्या जंतूंचं गढूळ पाणी स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या सुरू, जठराला सूज. त्यांना २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आज त्या जंतूवर अँटिबायोटिक देतात तेव्हाही सोबत हीच गोळी असते, आणि तिथे मात्र तिला शेवटची तारीख असते. रक्त पडणारा अल्सर, अन्ननलिकेला झालेल्या जखमा, ॲस्पिरिनवर असलेले म्हातारे, या सगळ्यांना तिने वाचवलं आहे. तिला विष म्हणणाऱ्याने एकदा जुन्या सर्जनशी बोलावं.

दुसऱ्या बाजूचा कागदही कोरा नव्हता. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये हाडं मोडण्याबद्दल, २०११ मध्ये रक्तातलं मॅग्नेशियम उतरण्याबद्दल आणि २०१२ मध्ये आतड्याच्या एका चिवट संसर्गाबद्दल इशारे दिले. क्वचित मूत्रपिंडाला सूज येते, हेही खरं. अन्नातलं बी-१२ मोकळं व्हायला आम्ल लागतं. आणि आमच्यासारखा गवार-भोपळ्यावर वाढलेला माणूस, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन, जी बी-१२ कमीच करते, आणि वर ही गोळी! तिघांनी मिळून कट केला तर तळपायाला मुंग्या येणारच. शिवाय आम्ल पोटात फुकट नसतं, ते जंतू मारतं. पावसाळ्यात स्टेशनबाहेरच्या पाणीपुरीचं पाणी ज्यांना पचतं त्यांचं श्रेय आजवर देवाला गेलं, ते या आम्लाला द्यायला हवं.

पण व्हॉट्सॲपवरच्या यादीतली बरीचशी भीती ज्या पाहण्यांवरून आली, त्यांत गोळी घेणारे आणि न घेणारे नुसते शेजारी उभे केलेले असतात. जास्त भिजणाऱ्यांच्या हातात छत्री सापडते, म्हणून छत्रीने पाऊस पडतो असं म्हणण्यातला हा प्रकार. गोळी घेणारे मुळात जास्त आजारी असतात. २०१९ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या १७,५९८ रुग्णांपैकी अर्ध्यांना पॅन्टोप्राझोल, अर्ध्यांना दिसायला तशीच पोकळ गोळी, सरासरी तीन वर्षं. हाडं, मूत्रपिंड, स्मरणशक्ती यांत लक्षणीय फरक निघाला नाही. आतड्याचे संसर्ग तेवढे थोडे जास्त, शंभरात १ ऐवजी १.४. मी हे ग्रुपवर टाकलं. त्यावर मावशीच्या यजमानांनी उत्तर म्हणून सूर्योदयाचं चित्र पाठवलं.

मावशीची अँजिओप्लास्टी झालेली. रोज ॲस्पिरिन, सोबत रक्त पातळ ठेवणारी आणखी एक गोळी, वय सत्तरीपुढे. मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

"आजी, ही गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद केलीत?"

"आजी कुणाला म्हणतोस? मावशी म्हण."

"मावशी, पोटात रक्त पडलं तर ती वाचवलेली किडनी घेऊन काय करणार? तुमच्यासाठी ही गोळी पित्ताची नाहीच, त्या दोन गोळ्यांपासून पोट राखायची आहे. चालू ठेवायची. आणि छातीत भरून आलं, घाम फुटला, तर पित्त म्हणून सोडा पीत बसायचं नाही. आधी कार्डिओग्राम."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले आणि माझ्या पट्टीवर उरलेला 'डी' बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या 'डी'चं नाव डॉम्पेरिडोन. मळमळीचं औषध, आणि हृदयाचे ठोके बिघडवायची त्याला खोड. युरोपच्या नियामकाने २०१४ मध्येच सांगून ठेवलंय की ते उलटी-मळमळीपुरतं द्यावं, ते साधारण आठवडाभरच. आपल्याकडे ते गोळीला चिकटून येतं आणि भाडेकरूसारखं नव्हे, मालकासारखं राहतं. "मला मळमळ नाही," मी म्हटलं. "मग हे कशाला घेता?" "औषधवाल्याकडे साधी संपली होती."

माझी सुटका करायची ठरली, पण झटक्यात नाही. पंपांना दाबून ठेवलं की शरीर आम्ल सोडायचा हुकूम देणारं संप्रेरक वाढवतं. गोळी सुटताच पंप थकबाकीसह वसुलीला बसतात. डेन्मार्कमध्ये १२० धडधाकट माणसांवर हे तपासलं. पित्त म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नव्हतं अशांतल्या अर्ध्यांना आठ आठवडे गोळी दिली आणि मग बंद केली. त्यांतल्या ४४ टक्क्यांना जळजळ सुरू झाली. पोकळ गोळीवाल्यांत १५ टक्के. म्हणजे निरोगी माणसालाही गिऱ्हाईक करता येतं. बंद केल्यावर जळजळ होते, म्हणजे गोळी लागतेच, असं समजून बहुतेक जण इथे हरतात. डॉक्टरांनी मला एक दिवसाआड सांगितली, मधल्या दिवशी जळजळलं तर साधं गुलाबी पातळ औषध.

बाकीचे उपाय आमच्या घरात राबवणं हे स्वतंत्र प्रकरण. पलंगाचं डोकं सहा-आठ इंच वर घ्यायचं, म्हणून मी बांधकामावरून विटा आणल्या. रात्री दोनच्या सुमाराला बायको चादरीसकट पायथ्याशी पोचली आणि तिथूनच म्हणाली, "अहो, पित्त तुमचं, उतार मला कशाला?" आता पाचरीसारखी उशी आहे, एकट्यापुरती. डाव्या कुशीवर झोपल्याने आम्ल वर चढायचं कमी होतं, हे कळल्यावर मात्र मला आमच्या आजोबांचा अभिमान वाटला. वामकुक्षी त्यांनी कधी चुकवली नाही. फक्त डॉक्टर म्हणतात, जेवल्यावर आडवं व्हायला तीन तास जाऊ द्या. आजोबा वाढलेलं ताट उचलायच्या आत घोरत असत.

राहिला मेहुणा. सांगलीचा, छत्तीस वर्षांचा, पोटाला काही म्हणता काही नाही. तो लग्नात बुफेच्या रांगेत उभा राहून, हातात ताट घेऊन ही गोळी गिळतो आणि मगच पनीरकडे वळतो. त्याला मी सगळं समजावून सांगितलं. पंप, पेशी, डेन्मार्क. म्हटलं, "अरे, रांगेत घेतलेल्या गोळीचा त्या जेवणाला काही उपयोग नाही. तिचा पूर्ण जोर यायला तीन-चार दिवस रोज घ्यावी लागते."

तो बराच वेळ विचार करत होता. मग उठून त्याने खिळ्यावरचं कालनिर्णय काढलं आणि वैशाखाचं पान उलगडलं.

"बरं झालं सांगितलंत, दाजी. म्हणजे प्रत्येक मुहूर्ताच्या चार दिवस आधी सुरू करायची." बोट एकेका तारखेवरून सरकत गेलं. "ही इथं संपते तोवर ही पुढची सुरू होते. म्हणजे महिनाभर आलीच. आखाडातल्या मटणाचं वेगळं धरू, का हीच पुढं ओढू?"