स्पिनाकरचा उमेदवार

स्पिनाकरचा उमेदवार ही छोट्या शिडाच्या कयाकवाल्यांमधली एक ठळक जात. अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात टॅम्पाच्या उपसागरात, ती चांगली पोसली जाते. उमेदवाराकडे बहुधा हॉबी कंपनीची टँडम आयलंड असते: साडेअठरा फूट लांब, पायांनी चालवायची पेडल, आणि दोरी ओढताच डोलकाठीभोवती गुंडाळले जाणारे सुमारे ९० चौरस फुटांचे शीड. कोकणातल्या होडीला तोल सांभाळणारी उलांडी एकाच अंगाला असते. हिला दोन्ही अंगांना. त्यामुळे होडी सहसा कलंडत नाही आणि मालकाला विचार करायला निवांत वेळ मिळतो. त्या वेळात स्पिनाकर सुचतो.

मागून वारा असला की दुखणे बळावते. १२ नॉटच्या वाऱ्यापुढे ६ नॉटने पळणाऱ्या माणसाला ६ नॉटचाच वारा लागतो. त्याला उकडते, आणि शीड कमी पडत असल्याचा साक्षात्कार होतो. स्पिनाकर, म्हणजे पुढे लावायचे फुगीर, रंगीत शीड, कंपनीही जोडसामान म्हणून विकत असे, एवढा आधार त्याला पुरतो.

मात्र उमेदवार उतावळा नसतो. तो वही करतो आणि तोटे प्रामाणिकपणे लिहितो. अडचण अशी, की प्रत्येक तोट्यातून त्याला एक खरेदी दिसते. डोलकाठीला ताणाचे दोर नाहीत. ती आपल्या खोबणीत एकटी उभी असते. स्पिनाकर तिचा शेंडा पुढे ओढणार, म्हणून मागे ताण द्यायला दोर हवेत. पण शीड गुंडाळताना डोलकाठीच फिरते, म्हणजे ते दोरही तिला गुंडाळले जाणार. मग शेंड्यावर फिरती कडी आली, ती लावायला शिडी आली. होडी घेतली होती ती झटपट पाण्यात उतरते म्हणून.

नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, तोटा त्याला सर्वांत प्रिय, कारण त्यात गणित आहे. पुढचे शीड नाळ खाली दाबते. ती लाटेत घुसून होडी थबकली, की लागणारा वारा ६ वरून पुन्हा १२ नॉट होतो. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वर्गाने वाढतो, म्हणजे नको त्या क्षणी चौपट. उमेदवार हे कागदाच्या रुमालावर आकृती काढून समजावतो. ऐकणारा घाबरतो; तो स्वतः पाण्याचे कॅन नाळेकडून मागे सरकवून मोकळा होतो.

हातांचा हिशेबही जमत नाही. सुकाणू, मोठ्या शिडाचा दोर, स्पिनाकरचा दोर आणि तो उतरवायचा दोर, एवढे सगळे दोन हातांत. पाय पेडलवर. दात उरतात, आणि त्यांचाही विचार झालेला असतो.

उतरवण्याविषयी वहीत एकच ओळ असते. प्रत्यक्षात वाळत घातलेले नऊवारी लुगडे वळवाच्या वाऱ्यात सापडावे तसे शीड अंगावर येते, उरलेले पाण्यात पडते, होडीखाली जाते आणि पेडलच्या पात्यांत अडकते. वारा आणि पाय, दोन्ही एकाच वेळी निकामी. वाऱ्यासोबत जितके लांब गेलो तितके वाऱ्याविरुद्ध परतायचे असते, हे तर वहीत नसतेच.

समर्थनार्थ तो एव्हरग्लेड्स चॅलेंज या शर्यतीचे नाव घेतो. मार्चमध्ये टॅम्पा बे ते की लार्गो, सुमारे ३०० मैल, दिशा मुख्यतः दक्षिणेची. थंडीची लाट येऊन गेली की वारा उत्तरेचा. मुद्दा बिनतोड आहे. फक्त अशा वेळी वारा इतका असतो, की शहाणे लोक आहे तेच शीड अर्धे गुंडाळतात.

स्पिनाकर निर्धोक चालतो तो मंद वाऱ्यात. तेव्हा मिळणारा वेग पायांनीही मिळाला असता. पण पाय मारणे हे कष्ट, आणि स्पिनाकर हे नौकानयन.

या जातीत एक पोटभेदही आहे. तो वही पूर्ण भरतो, पण शीड घेत नाही. तो किनाऱ्यावर आधी पोचतो आणि पहिल्याच्या पात्यांतले कापड सोडवू लागतो.