फ्लेमिंगो जरा डावीकडे घ्या

भिगवणला उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो हिवाळ्यात आपले आपण येतात. सोलापूर हायवेवरच्या हॉटेलांत मात्र ते फायबरचे, बारमाही, आणि भिंतीवर चढवायला बारामतीहून माणूस बोलवावा लागतो. तो पाणसळ लावतो, ड्रिल मारतो, स्क्रू आवळतो. मग शेठ गल्ल्यावरूनच मान तिरकी करतात, "जरा डावीकडे घ्या." घेतले. तेवढ्यात मेहुणे उगवतात, वास्तुशास्त्रवाले! चोच दक्षिणेला नको म्हणे. पुन्हा भोकं, पुन्हा पुट्टी. मजुरी? "उसाचं बिल आलं की देतो." ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे कारखान्याने १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, फ्लेमिंगो टांगणाऱ्यासाठी असा आदेश नाही. तेव्हा गड्यांनो, निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय शिडी उघडू नका.