मामाला वाट नाही

लग्नपत्रिका तक्त्यात बसत नाही. पटत नसेल तर एक्सेल उघडून बघा. वराचं नाव, वधूचं नाव, तारीख, कार्यालय, इथपर्यंत रकाने शहाण्यासारखे वागतात. मग मामा येतात. एका पत्रिकेत मामा एकच, दुसरीत तीन, तिसरीत मामांच्या आधी ‘कै.’ आणि निमंत्रक म्हणून एकट्या मामी. ‘मामा १’, ‘मामा २’, ‘मामा ३’ करत गेलं की तक्ता उजवीकडे वाढत जातो आणि त्यातली बहुतेक घरं रिकामीच राहतात. तळाशी ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली असतात. त्यांचा रकाना कोणता? आणि ‘कृपया आहेर आणू नयेत’ ही ओळ? ती काही पत्रिकांत असते, काहींत नसते, आणि तिच्या नसण्याचा अर्थ पाहुण्यांना बरोबर कळतो.

माझ्या वडिलांनी घरी आलेली एकही पत्रिका कधी रद्दीत घातली नाही. हळदीकुंकवाचे ठिपके लागलेला तो गठ्ठा ट्रंकेसकट माझ्याकडे आला आणि कोणाच्या लग्नात कोण निमंत्रक होतं याची नीट नोंद करावी अशी मला हौस आली. म्हणून मजकुराला खुणा करून साठवणारा एक्सएमएल डेटाबेस शिकायला घेतला. घरच्यांना वाटलं, बढतीसाठी असेल. खरं कारण सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला.

एक्सएमएल आता जुन्या वळणाचं समजतात. १९९८ च्या फेब्रुवारीत ते मानक म्हणून जाहीर झालं, काही वर्षं जिकडेतिकडे तेच होतं. पुढे सुटसुटीत जेसन आलं आणि प्रोग्रामर मंडळी तिकडे गेली. आजच्या पोरांसमोर एक्सएमएलचं नाव काढलं की ती नाक मुरडतात. पण पत्रिकेचा मजकूर छापखान्यात पाठवताना आपण वर्डची जी डॉक्सएक्स फाईल जोडतो, ती आतून झिप केलेलं एक्सएमएलच असते. ज्या मजकुरात वाक्याच्या मधेच माणसं, नाती आणि मुहूर्त येऊन बसतात, त्याच्यासाठी याहून बरी सोय मला अजून दिसलेली नाही. ओळीतल्या नावाभोवती खूण करायची, ‘ज्येष्ठ’भोवती करायची, गावाभोवती करायची, ओळ मात्र अखंड राहते, वाचताना कुठे खटकत नाही. शिवाय खुणांची नावं देवनागरीत ठेवता येतात. पत्रिका, वधू, वर, मामा, मुहूर्त, सगळं मराठीत.

या साऱ्याला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एक्सक्वेरी. तिची कुळकथा मला फार आवडते. १९७४ साली आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून जगभर बँकांपासून रेल्वेपर्यंत रुजली. आणि २००० साली हेच चेंबरलिन, जोनाथन रोबी आणि डॅनिएला फ्लोरेस्कू यांच्यासोबत, तक्त्यात न बसणाऱ्या कागदांसाठी नवी भाषा शिवायला बसले. तिचं नाव क्विल्ट, कारण ती आधीच्या भाषांचे तुकडे जोडून केलेली गोधडीच होती. त्या गोधडीतून एक्सक्वेरी आली आणि २००७ च्या जानेवारीत तिची पहिली आवृत्ती मान्य झाली. ज्या माणसाने अख्खं जग रकान्यांत बसवलं, त्यालाच पुढे मामांची अडचण दिसली असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं आहे.

एक्सक्वेरीत टिप्पणी लिहिताना कंस उघडून लगेच विसर्गासारखे दोन ठिपके द्यायचे, शेवटी दोन ठिपके देऊन कंस मिटायचा. त्यामुळे प्रत्येक टिप्पणीच्या शेवटी एक हसरा चेहरा उमटतो. पहिल्या आठवड्यात मला या भाषेत आवडलेली ही एकमेव गोष्ट होती.

बाकीचं पचायला वेळ लागला. तिचं कुठलंही उत्तर म्हणजे एक पंगत असते. एक माणूस बसला तरी पंगत, शंभर बसले तरी पंगत आणि कोणीच बसलं नाही तरी ती पंगतच. पंगतीच्या आत दुसरी पंगत मांडता येत नाही. मांडली तर सगळे आपोआप सरकून एका ओळीत बसतात. हे एकदा अंगवळणी पडलं की फार सोयीचं आहे. फक्त ती रिकामी पंगत घात करते. मी ‘वधू’ या खुणेऐवजी ‘वधु’ लिहून विचारलं तर डेटाबेस रागावत नाही, चूक दाखवत नाही, ‘तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का’ असंही विचारत नाही. अदबीने रिकामं उत्तर देतो. एवढ्या सगळ्या पत्रिका आणि एकीतही वधू नाही! ऱ्हस्व-दीर्घाबाबत इतका कडक मास्तर मला शाळेतही भेटला नव्हता. शाळेतला मास्तर निदान लाल शाईने गोल तरी करायचा.

आता मामांकडे वळते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

एक्सपाथ नावाची जी वाट दाखवणारी भाषा एक्सक्वेरीच्या पोटात आहे, तिच्यात हिंडायचं ते नात्यांवरून. पालक, अपत्य, पूर्वज, वंशज, आधीची भावंडं, नंतरची भावंडं असे अक्ष असतात. १९९९ च्या पहिल्या आवृत्तीत ते एकूण तेरा होते. आधीच्या भावंडांतला पहिला कोण, तर आपल्या लगेच आधीचा. पूर्वजांतला पहिला कोण, तर आपला पालक. म्हणजे मोजणी जवळून लांब जाते, श्राद्धाला पिता, पितामह, प्रपितामह म्हणतो तशीच. तिन्ही पूर्वज एकदम मागितले तर मात्र हाती येताना कागदावरच्या क्रमाने येतात, म्हणजे पणजोबा पहिले. मोजताना धाकट्यापासून आणि वाढताना थोरल्यापासून, ही शिस्त मला घरंदाज वाटली. काका शोधणंही सोपं: पालकाकडे जा आणि त्याच्या भावंडांकडे वळा. आधीची भावंडं ते थोरले काका, नंतरची ते धाकटे.

मामा मात्र सापडत नाही. कारण एकात एक बसलेल्या खुणांचं हे जे झाड होतं, त्यात प्रत्येकाला पालक एकच. बाप धरला की आई नाही, आई नाही म्हणून आजोळ नाही, आजोळ नाही म्हणून मामा नाही. श्राद्धात मातामहाचीसुद्धा आठवण काढतात. इथे त्यांच्याकडे जायला वाटच नाही. नात्यांच्या भाषेत बोलणारी तेरा अक्षांची व्यवस्था, आणि तिच्यात वधूचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत आणायला कोणी नाही. याहून विचित्र म्हणजे, मी पत्रिकेतल्या मजकुराला धरून ‘मामा’ ही खूण ‘वधू’च्या आत ठेवली होती. एक्सपाथच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच: मामा हे वधूचं अपत्य. तिन्ही मामा तिची मुलं आणि एकमेकांची भावंडं. शेवटचं तेवढं बरोबर.

ॲट्रिब्यूटची, म्हणजे खुणेलाच चिकटवलेल्या माहितीची, गत तर त्याहून न्यारी. वधूला तिथीचं ॲट्रिब्यूट जोडलं, तर त्याचा पालक कोण, या प्रश्नाचं उत्तर ‘वधू’ असं येतं. वधूची अपत्यं कोण असं विचारलं, तर त्या यादीत ते नसतं. मानकातच हे तसं लिहून ठेवलेलं आहे. त्याला पालक आहे, पण पालकाला ते नाही. यावर मराठीत एखादी कौटुंबिक मालिका सहज निघेल.

बरोबरीच्या चिन्हाचीही एक खोड आहे. तीन मामांच्या पत्रिकेवर मी विचारलं, मामा = 'सुरेश'? होय. मग विचारलं, मामा != 'सुरेश'? तेही होय! कारण तुलना पंगतीशी असते. पंगतीत एक जरी सुरेश असला तर पहिलं खरं, आणि एक जरी सुरेश नसलेला असला तर दुसरंही खरं. सुरेशमामांचं नाव नसलेल्या पत्रिका हव्या असतील तर नकार बाहेरून घालावा लागतो: ‘सुरेश आहे असं नाही, अशा पत्रिका दे.’ आमच्याकडे मानपानावरून तंटे होतात ते नेमके याच फरकावरून. ‘दुसऱ्या कोणाचं तरी नाव घातलं’ आणि ‘आमचं नाव घातलं नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि रुसवा दुसरीतून येतो.

शिकणाऱ्यांना सरावासाठी सहसा शेक्सपिअर देतात. एक्सएमएलच्या घडणीत पुढाकार घेणाऱ्या जॉन बोसाक यांनी शेक्सपिअरची नाटकं अंक, प्रवेश, भाषण, वक्ता, ओळ अशा खुणा करून खुली केली, आणि तेव्हापासून या विषयातला प्रत्येक नवशिका हॅम्लेटपाशी येतो. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेट ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणला, तेव्हापासून आपल्यालाही तो परका नाही. त्याचं सगळं दुःख नात्यांच्या घोळाचं: बाप भूत झाला आणि काका बापाच्या जागी येऊन बसला. फाईलमध्ये मात्र पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात भुताची आणि हॅम्लेटची भाषणं शेजारी शेजारी, एकमेकांची भावंडं म्हणून बसलेली दिसतात. दुसऱ्या प्रवेशात काकाची आणि पुतण्याची तशीच. पालक सगळ्यांचा एकच, तो म्हणजे प्रवेश. एवढा मोठा कलह एका पातळीवर आणून ठेवलेला पाहून मला जरा बरं वाटलं.

पत्रिकांतून निमंत्रकांची आडनाववार यादी काढायला घेतली आणि तिथे ‘ळ’ आडवा आला. क्रम लावायला सांगितलं की काही वेगळं न सांगता अक्षरांचे युनिकोड क्रमांक धरले जातात, आणि युनिकोडात ‘ळ’ बसला आहे ‘ल’च्या शेजारी, ‘व’च्या आधी. त्यामुळे यादीत गोरे, मग गोळे, मग गोवंडे, गोसावी. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर, म्हणजे गोळ्यांनी गोसाव्यांच्याही मागे उभं राहायला हवं. कोणता वर्णक्रम लावायचा हे सांगायची सोय भाषेत आहे. ते आपणहून सांगावं लागतं, इतकंच. निमंत्रकांचा क्रम चुकणं ही लग्नघरात लहान गोष्ट नसते, म्हणून मी ते सांगितलं.

नुसतं विचारण्यापलीकडे, बदल करण्याची भाषा २०११ साली वेगळी मान्य झाली. तिच्यात मधेच काही बदलत नाही. सगळे बदल एका यादीत साठतात आणि शेवटी एकदम लागू होतात. मी ‘वधू’ या खुणेचं नाव बदलून ‘सून’ करून पाहिलं. खूण बदलली, पण नोड, म्हणजे झाडातली ती गाठ, तीच राहिली. आधीची आणि नंतरची एकच का, असं विचारलं तर उत्तर ‘होय’. तिच्या आतलं नाव, मामा, गाव, सगळं जागच्या जागी. तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायचा जो रिवाज होता, त्यात इतकी काळजी घेतलेली नव्हती.

सगळ्यात जास्त हसू मला आलं ते डेटाबेसचं पोट उघडून पाहिल्यावर. मी वापरते ते बेसएक्स, जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात ख्रिस्टियान ग्र्यून यांनी सुरू केलेलं. ते हे सगळं झाड आत साठवतं कशात? तक्त्यात! प्रत्येक नोडला सोळा बाइटांची एक ओळ. तिच्यात मुख्य माहिती दोनच: पालक किती ओळी वर आहे आणि आपल्यासकट आपल्या पोटात किती नोंदी आहेत. ओळीचा क्रमांक हाच नोडचा क्रमांक. समजा कागद शून्य, पत्रिका १, वधू २, तिचं नाव ३, नावातली अक्षरं ४, पहिला मामा ५, त्याची अक्षरं ६, दुसरा मामा ७, त्याची अक्षरं ८. दुसऱ्या मामाच्या ओळीत अंतर पाच. सातातून पाच गेले की दोन, म्हणजे वधू. वधूच्या ओळीत नोंदी सात, म्हणजे ती स्वतः आणि तीनपासून आठपर्यंत सगळा तिचाच पसारा. पूर्वज, वंशज, थोरले, धाकटे, सगळे या आकड्यांतून हिशेबाने निघतात. चेंबरलिनसाहेबांच्या तक्त्यांची बाजू शेवटी वरचढच ठरली म्हणायची.

मामांचा प्रश्नही तसाच सुटला. प्रत्येक माणसाला एक ओळखक्रमांक दिला, माणसांची वेगळी फाईल केली आणि तिथे प्रत्येकाच्या पुढे आई आणि वडील यांचे क्रमांक लिहिले. आता प्रश्न विचारता येतो: वधूच्या आईचा क्रमांक घे, तिचे वडील शोध, त्यांची अपत्यं काढ, त्यातले पुरुष दे. चार वळणं घेऊन मामा येतो. चुलतमामा, मानलेले मामा आणि ‘मुंबईचे मामा’ म्हणून आयुष्यभर ओळखले गेलेले शेजारी या वाटेने येत नाहीत, आणि पत्रिकेत नेमकी त्यांचीच नावं ठळक टायपात आहेत. त्यांच्यासाठी पत्रिकेतली खूण तशीच राहू दिली आहे, वधूच्या पोटात.

तुम्हाला शिकायचं असेल तर बेसएक्स फुकट मिळतं, संगणकावर जावा असलं की चालतं. सुरुवात हॅम्लेटपासून करू नका. घरातली एखादी जुनी पत्रिका घ्या, खुणा मराठीत करा, ‘वधू’ दीर्घ लिहा, आणि मामांना ओळखक्रमांक पहिल्याच दिवशी देऊन टाका.